वर्गखोलीतील तंत्रज्ञान : उपग्रह दूरदर्शनपासून क्यूआर कोडपर्यंत

शाळेत संगणक असणे आणि त्या संगणकामुळे मुलाला काही येऊ लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली मोजता येते व ती दरवर्षी मोजली जाते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या ‘यू-डायस प्लस’ या वार्षिक गणनेनुसार २०२४-२५ मध्ये देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणक आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट होते. आदल्या वर्षी इंटरनेट असलेल्या शाळांचे प्रमाण ५३.९ टक्के होते, म्हणजे वाढीचा वेग लक्षणीय आहे. मात्र त्याच गणनेत आणखी एक आकडा आहे, त्याची चर्चा कमी होते. देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत. तेथे एकच व्यक्ती पहिलीला अक्षरे गिरवायला लावते, चौथीला भागाकार शिकवते आणि मधल्या सुटीत पोषण आहाराची नोंदही करते. अशा शाळेत पोहोचलेले यंत्र तिच्या हाताखालचा मदतनीस ठरते की सांभाळण्याची आणखी एक वस्तू, हा प्रश्न भारतात निदान पन्नास वर्षांपासून विचारला जात आहे.

अध्यापनात तंत्रज्ञान ‘सामावून घेणे’ म्हणजे काय, याची बरीच मान्यता पावलेली मांडणी मिशिगन स्टेट विद्यापीठातील पुण्य मिश्र आणि मॅथ्यू कोलर यांनी २००६ मध्ये केली. शिक्षकाला विषयाचे ज्ञान लागते, तो विषय मुलांपर्यंत कसा न्यावा याचे ज्ञान लागते आणि साधन हाताळण्याचे ज्ञान लागते. ही तिन्ही सुटी सुटी असून भागत नाही, ती एकमेकांत मिसळावी लागतात, असे या मांडणीचे सार आहे. प्रोजेक्टर सुरू करता येणाऱ्या शिक्षिकेला अपूर्णांकांची कोणती चित्रफीत केव्हा थांबवून मुलांना काय विचारावे हे ठाऊक नसेल, तर ती चित्रफीत म्हणजे थोडा उजळ फळा. आपल्याकडील बहुतेक योजनांनी यांपैकी तिसऱ्याच ज्ञानावर पैसा खर्च केला, तोही पुष्कळदा केवळ साधनांच्या खरेदीपुरता.

उपग्रहाचे वर्ष

दिल्लीत दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले आणि १९६१ मध्ये राजधानीतील शाळांसाठी नियमित पाठ प्रसारित होऊ लागले. विज्ञानाच्या प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित शिक्षक पुरेसे नसल्याने एका चांगल्या शिक्षकाचा पाठ अनेक वर्गांत पोहोचवावा, असा त्यामागचा साधा हिशेब होता. हाच हिशेब पुढील प्रत्येक योजनेत नव्या नावाने येत राहिला.

त्याचे सर्वांत धाडसी रूप म्हणजे उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शनचा प्रयोग, अर्थात ‘साइट’. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’शी करार झाला. प्रयोग प्रत्यक्षात आला तेव्हा साराभाई हयात नव्हते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘एटीएस-६’ या उसन्या उपग्रहावरून राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतील २० जिल्ह्यांच्या सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम थेट पोहोचले. त्यांतील कित्येक गावांत वीज नव्हती, तेथे संच बॅटरीवर चालले. संदेश ग्रहण करणारी तीन मीटर व्यासाची तबकडी कोंबड्यांच्या खुराड्याला वापरतात तशा जाळीची होती. सकाळचा वेळ पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी राखीव होता आणि संध्याकाळी शेती, आरोग्य, कुटुंबकल्याण अशा विषयांसाठी सारा गाव संचासमोर बसे.

या प्रयोगाची आठवण तबकडीसाठी आणि उपग्रहासाठी काढली जाते. शिक्षणाच्या दृष्टीने अधिक मोलाचा भाग होता तो शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा. प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवणाऱ्या सुमारे ५० हजार शिक्षकांना दूरदर्शन, रेडिओ, छापील साहित्य आणि प्रत्यक्ष कृती यांच्या जोडीने प्रशिक्षण देण्यात आले. पडद्यावर दिसलेला प्रयोग शिक्षकांनी स्थानिक साहित्यातून करून पाहायचा आणि अडलेले जवळच्या मार्गदर्शकाला विचारायचे, अशी योजना होती. दूरच्या यंत्राला जवळच्या माणसाची जोड हवी, हे सूत्र येथेच सापडले होते. वर्ष संपताच उपग्रह ठरल्याप्रमाणे परत गेला आणि गावांतले पडदे काळे झाले.

पुढे ‘इन्सॅट’ मालिकेचे उपग्रह आल्यावर शालेय कार्यक्रमांच्या निर्मितीसाठी सहा राज्यांत संस्था उभ्या राहिल्या. त्यांतील पुण्याची संस्था म्हणजे १९८४ मध्ये स्थापन झालेली ‘बालचित्रवाणी’. दूरदर्शनवर तिचे शीर्षकगीत लागले की घरातली मुले गोळा होत, ही आठवण महाराष्ट्राबाहेर गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांतही आहे. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी देशव्यापी दूरचित्रवाणी वर्ग सुरू केला. शाळेच्या वेळापत्रकाशी प्रसारणाची वेळ मात्र क्वचितच जुळे. पाठ अकराला प्रसारित होई तेव्हा वर्गात इतिहासाचा तास चालू असे, शिवाय पाठ थांबवण्याची अथवा पुन्हा दाखवण्याची सोय नव्हती. निधीच्या दीर्घ ओढाताणीनंतर बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद करण्यात आली. पाठ हवा तेव्हा थांबवता येईल अशी साधने घरोघरी पोहोचली होती, नेमक्या त्याच सुमारास ती बंद पडली.

शिक्षणालाच वाहिलेला ‘एज्युसॅट’ हा उपग्रह २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला आणि २०१० मध्ये त्याचे काम संपले. आज हेच काम ‘स्वयंप्रभा’ व ‘पीएम ई-विद्या’ या छत्राखालील वाहिन्या करतात. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात त्यांची संख्या १२ वरून २०० करण्याची घोषणा झाली, ती प्रादेशिक भाषांतून शिकणाऱ्या मुलांचा विचार करून.

खोक्यातले संगणक

संगणक शाळेत आला तो ‘क्लास’ या प्रकल्पाद्वारे. १९८४-८५ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि शिक्षण मंत्रालय यांनी ब्रिटनमधील ‘बीबीसी मायक्रो’ संगणक माध्यमिक शाळांना द्यायला सुरुवात केली. असे सुमारे १२ हजार संगणक राज्यांमार्फत वाटण्यात आले. संगणक हा तेव्हा शिकवण्याचा स्वतंत्र विषय होता, गणित वा भूगोल शिकवण्याचे साधन नव्हता. वातानुकूलित खोली, दारात काढलेल्या चपला आणि आठवड्यातून एक तास, हे चित्र त्या काळातील विद्यार्थ्यांना आठवत असेल. डिसेंबर २००४ मध्ये माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची केंद्रपुरस्कृत योजना आली आणि ती आता समग्र शिक्षा अभियानात विलीन आहे. त्या अभियानात संगणक कक्षासाठी शाळेला ६ लाख ४० हजार रुपयांपर्यंत एकरकमी आणि पाच वर्षे दरसाल २ लाख ४० हजार रुपयांपर्यंत आवर्ती अनुदानाची तरतूद आहे. सहाव्या वर्षी दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न मुख्याध्यापकांच्या बैठकांत वारंवार निघतो.

या प्रश्नाचा एक नमुना संशोधकांच्या नोंदींत आहे. गुजरात सरकारने २००० मध्ये वडोदऱ्यातील सुमारे शंभर महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी ‘प्रथम’ या संस्थेने पाहणी केली तेव्हा मुलांसाठी त्यांतील फारच थोडे वापरात होते आणि अनेक यंत्रे तर खोक्यातून बाहेरही निघाली नव्हती. तीच यंत्रे घेऊन संस्थेने चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ बसवले. दोन मुलांत एक संगणक आणि आठवड्यातून दोन तास खेळ अशी आखणी होती, तर सोबतीला थोडे प्रशिक्षण घेतलेले स्थानिक तरुण-तरुणी असत. मुलाला जेथवर येते तेथून खेळ सुरू होई आणि उत्तरे बरोबर येऊ लागली की तो अवघड होत जाई.

अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी या उपक्रमाचे मूल्यमापन केले आणि ते २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या वर्षाअखेर गणितातील गुणांत ०.४७ प्रमाण विचलनाइतकी वाढ दिसली. शंभर मुलांच्या क्रमवारीत मधोमध असलेले मूल सुमारे अठरा जागा पुढे सरकावे, इतका हा फरक आहे. त्याच अभ्यासात ‘बालसखी’ या उपक्रमाचेही मूल्यमापन होते. मुंबई आणि वडोदरा येथे वस्तीतीलच तरुणी मागे पडलेल्या मुलांना दररोज दोन तास वेगळे बसवून शिकवत. त्याचा परिणाम संगणकाहून कमी, ०.२८ इतका आला, पण खर्च दर मुलामागे वर्षाला सुमारे सव्वादोन डॉलर होता. संगणकाचा खर्च सुमारे १५ डॉलर होता. उपक्रम थांबल्यावर वर्षभराने पाहिले तर दोन्हींचा लाभ बराच ओसरला होता. संगणकाच्या बाजूने बोलणारे या अभ्यासातला पहिला आकडा सांगतात आणि विरोधक दुसरा. शाळा चालवणाऱ्याला दोन्ही एकत्र वाचावे लागतात.

याहून बोलका आहे तो लिंडन यांचा २००८ मधील दुसरा अभ्यास. गुजरातमधील ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या शाळांत दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी एकच संगणकीय अभ्यासक्रम दोन प्रकारे राबवण्यात आला. काही शाळांत मुले नेहमीच्या तासाऐवजी संगणकावर बसली, तर काहींत शाळेचा वेळ संपल्यावर. पहिल्या गटातील मुले संगणक नसलेल्या मुलांच्याही मागे पडली आणि ही घट ०.५७ प्रमाण विचलनाची होती. दुसऱ्या गटाला ०.२८ इतका लाभ झाला व त्यात सर्वाधिक फायदा कच्च्या मुलांचा होता. यंत्र, पाठ आणि मुलांचे वय सारखेच होते. ज्ञानशालेत शिकवणे आधीच चांगले होते, म्हणून तेथे संगणकाने जो तास घेतला तो चांगला तास होता. साधन कशाची जागा घेते हे विचारल्यावाचून त्याचे मूल्य ठरत नाही, ही गोष्ट इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा भारतीय अभ्यास विरळा.

दिल्लीतील ‘माइंडस्पार्क’ या संगणकप्रणालीवरील अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंह आणि अलेहांद्रो गानिमियान यांनी सहावी ते नववीतील ६१९ विद्यार्थ्यांपैकी काहींना सोडतीने शाळेनंतरच्या केंद्रांत मोफत प्रवेश दिला. दीड तासापैकी निम्मा वेळ संगणकावर जाई आणि निम्मा वेळ बारा-पंधरा मुलांच्या गटात शिक्षकासोबत. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची वाढ झाली. या अभ्यासातील दुसरी नोंद अधिक अस्वस्थ करणारी आहे. सहावीतील सरासरी विद्यार्थी गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होता आणि नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांवर गेले. म्हणजे नववीच्या वर्गात बीजगणिताचा पाठ कितीही आकर्षक चलचित्रातून दाखवला, तरी समोरच्या बऱ्याच मुलांना पाचवीचे गणित हवे असते. चाळीस मुलांना चाळीस पायऱ्यांवर एकाच वेळी भेटणे कोणत्याही शिक्षकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. यंत्राची खरी उपयुक्तता येथे दिसते, आणि बहुतेक ‘स्मार्ट क्लासरूम’ नेमके तेच काम करत नाहीत. त्यांत साऱ्या वर्गाला एकच चित्रफीत एकाच वेगाने दाखवली जाते.

स्वस्त उपकरण प्रत्येक मुलाच्या हातात दिले की शिक्षण आपोआप होईल, ही कल्पनाही मधल्या काळात येऊन गेली. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट या वस्तीत झाला. पेरूमधील ३१९ ग्रामीण शाळांत या लॅपटॉपचे मूल्यमापन झाले, तेव्हा गणित व भाषेत काहीही फरक आढळला नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये गाजावाजाने आलेला ‘आकाश’ टॅबलेटही विस्मरणात गेला.

केरळचा मार्ग

यंत्राआधी शिक्षकाकडे पाहणारे राज्य म्हणून केरळचे उदाहरण दिले जाते. शास्त्रज्ञ यू. आर. राव यांच्या अध्यक्षतेखालील कृतिगटाच्या शिफारशींनंतर २००१ मध्ये तेथे ‘आयटी@स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. मुख्य प्रशिक्षक शाळांतील शिक्षकांमधूनच निवडले गेले, त्यामुळे अडचण सांगणारा आणि ती सोडवणारा एकाच पेशातला होता. हळूहळू सर्व काम मुक्त संगणकप्रणालीवर नेण्यात आले. परवान्यांचा खर्च वाचला आणि मल्याळममध्ये हवे ते बदल शिक्षकांना स्वतः करता येऊ लागले. २००५ मध्ये एज्युसॅटच्या साहाय्याने ‘व्हिक्टर्स’ ही वाहिनी सुरू झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये प्रकल्पाचे ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतर झाले आणि जानेवारी २०१८ पासून आठवी ते बारावीचे सुमारे ४५ हजार वर्ग लॅपटॉप, प्रोजेक्टर व जोडणीने सज्ज करण्यात आले.

या योजनेतील कमी दिसणाऱ्या तरतुदी अधिक शिकण्याजोग्या आहेत. उपकरणांना पाच वर्षांची हमी व विमा होता, तक्रार नोंदवण्यासाठी स्वतंत्र केंद्र होते आणि मुदतीत दुरुस्ती न करणाऱ्या पुरवठादाराला दंड होता. ‘लिटल काइट्स’ या विद्यार्थी मंडळांतील मुले किरकोळ बिघाड स्वतःच दूर करू लागली. त्यामुळे १ जून २०२० रोजी, शाळा बंद असतानाच नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले, तेव्हा व्हिक्टर्सवर ‘फर्स्ट बेल’ हे वर्ग त्याच दिवशी चालू करता आले. तरीही दूरचित्रवाणी नसलेली घरे राज्यात होतीच. त्यांच्यासाठी वाचनालये आणि वस्त्यांतून सामूहिक केंद्रे काढावी लागली.

महाराष्ट्रात वाट निराळी होती. जिल्हा परिषदांच्या प्राथमिक शाळा ‘डिजिटल’ झाल्या त्या बऱ्याच अंशी लोकवर्गणीतून. शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा या आदिवासी वस्तीच्या शाळेचे उदाहरण राज्यभर पोहोचले आणि गावोगावी ग्रामस्थांनी प्रोजेक्टर, टॅबलेटसाठी पैसे उभे केले. गावाने स्वतः घेतलेली वस्तू गाव जपते, हा या पद्धतीचा गुण होता. उणीव अशी की वर्गणीतून यंत्र येते, दरमहाचे वीजबिल येत नाही. बिल थकल्याने मीटर काढून नेलेल्या शाळांच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत नित्याच्या झाल्या होत्या.

पाठ्यपुस्तकावरची चौकट

आज देशभर सर्वाधिक पोहोचलेले शैक्षणिक तंत्रज्ञान कोणते, तर पाठ्यपुस्तकात धड्याच्या कडेला छापलेली काळी-पांढरी चौकट. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडून कविता, चित्रफिती आणि गृहपाठ मुलांच्या घरातील फोनवर पोहोचवले. ते २००९ मध्ये तेथे रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत गुरांचा गोठा आणि कोठीची खोली यांच्यामध्ये होती. तेथील मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तके निराळ्या भाषेत, म्हणून त्यांनी कन्नड शिकून मजकूर मुलांच्या भाषेत आणला. डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांत वाटली. चौकटीची चर्चा पुष्कळ झाली, तिच्याआड असलेल्या भाषेच्या कामाची त्या मानाने थोडी.

महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचे ठरवले आणि पुढे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनेही ते स्वीकारले. या चौकटींमागील ‘दीक्षा’ हा मंच तत्कालीन उपराष्ट्रपती एम. व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाला. तो मुक्त प्रणालीवर उभा असून त्यावर ३६ भारतीय भाषांतील साहित्य आहे. चौकटीखाली सहा अक्षरांचा संकेतही छापलेला असतो, तो टंकित केला तरी धडा उघडतो. मंचाचा रोख मुळात शिक्षकांकडे होता. ‘निष्ठा’ हे शिक्षक-प्रशिक्षण २०२० मध्ये त्यावर आले, तेव्हा लाखो शिक्षकांनी ते घरी बसून पूर्ण केले. अशा प्रशिक्षणाची पूर्तता प्रमाणपत्रांनी मोजली जाते आणि वर्गात काय बदलले ते पाहायला क्वचितच कोणी जाते.

वर्गात खरोखर बदल होतो तो लहान गोष्टींतून. कोलोरॅडो विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ या आभासी प्रयोगसंचातील अनेक प्रयोग मराठीत उपलब्ध आहेत. अमृता विद्यापीठ व सी-डॅक यांच्या ‘ओलॅब्स’वरही मराठी विभाग आहे. विजेच्या परिपथात दुसरा दिवा एकसरीत जोडला तर पहिला मंद होईल की तसाच राहील, हे बटण दाबण्याआधी मुलांना वहीत लिहायला लावणारा शिक्षक एकाच पडद्यावर सारा वर्ग कामाला लावू शकतो. आधी अंदाज, मग निरीक्षण आणि त्यानंतर वाद. मूळ पद्धत जुनीच आहे. यंत्रामुळे जो प्रयोग मांडायला अर्धा तास लागे तो अर्ध्या मिनिटात पुन्हा करता येतो आणि तारा, दिवे, विद्युतघट नसलेल्या शाळेतही तो होतो. टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१५ पासून चार राज्यांतील माध्यमिक शाळांत राबवलेल्या ‘क्लिक्स’ उपक्रमात तर दोन-तीन मुलांना मुद्दाम एका संगणकावर बसवले जाई, कारण त्यांनी आपसांत बोलावे हाच हेतू होता. साहित्य शाळेतील सर्व्हरवर असल्याने इंटरनेट बंद पडले तरी तास बुडत नसे.

घरातला एक फोन

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि तंत्रज्ञान एकाएकी पूरक न राहता एकमेव साधन बनले. महाराष्ट्रात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे घोषवाक्य निघाले. काय सुरू राहिले, याचे उत्तर पाहण्यांत सापडते. ‘असर’च्या पाहणीनुसार २०१८ मध्ये ३६.५ टक्के ग्रामीण विद्यार्थ्यांच्या घरी स्मार्टफोन होता, तो २०२१ मध्ये ६७.६ टक्के विद्यार्थ्यांच्या घरी आला. परंतु फोन असलेल्या घरांतही २६.१ टक्के मुलांच्या हाती तो कधीच येत नव्हता. फोन वडिलांसोबत कामावर जाई, आणि घरात राहिला तरी दोन भावंडांचे तास एकाच वेळी असत. ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील सुमारे १,४०० वंचित मुलांची पाहणी अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ व सहकाऱ्यांनी केली. त्यांत ग्रामीण भागातील केवळ आठ टक्के मुले नियमित ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के मुलांचा अभ्यास पूर्ण थांबला होता.

या काळात शिक्षकांनी शोधलेले काही उपाय पडद्याविना चालणारे होते. सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या बाहेरील भिंतींवर धडे रंगवण्यात आले. झारखंडमधील दुमका जिल्ह्यातील दुमरथर गावात घरांच्या भिंतींवर प्रत्येक मुलासाठी फळा तयार झाला आणि शिक्षक ध्वनिवर्धकावरून शिकवू लागले.

आता फोन नसणे ही अडचण उरलेली नाही. ‘असर’ २०२४ नुसार ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी पाहणीआधीच्या आठवड्यात तो शिक्षणाशी संबंधित कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास गाव दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवते, ते टाळेबंदीत मुलांना लागलेल्या सवयीमुळे. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने तर त्याच वर्षी १८ वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. युनेस्कोचा २०२३ चा जागतिक शिक्षण अहवाल याच विषयावर होता आणि तंत्रज्ञान नेमके कोणाच्या अटींवर वापरायचे, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता.

अटींचा हा मुद्दा माहितीच्या गोपनीयतेलाही लागू पडतो. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संस्थेने २०२२ मध्ये अनेक देशांतील शैक्षणिक उपयोजने तपासून मुलांची माहिती गोळा करण्याच्या पद्धतींवर आक्षेप घेतले, त्यांत ‘दीक्षा’चाही उल्लेख होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते आणि मुलांचा माग काढणे वा त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे निषिद्ध आहे. शाळेच्या नावनोंदणीच्या अर्जावर सही करणाऱ्या पालकाला ही संमती नेमकी कशासाठी आहे हे कोण समजावून सांगणार, याची व्यवस्था बहुतेक शाळांत अद्याप व्हायची आहे.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये तंत्रज्ञानाच्या न्याय्य वापराचा स्वतंत्र विचार आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सर्व सरकारी माध्यमिक शाळांना ‘भारतनेट’द्वारे ब्रॉडबँड देण्याची आणि पाच वर्षांत ५० हजार ‘अटल टिंकरिंग’ प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये शिक्षण मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्ता व संगणकीय विचारपद्धती हे विषय २०२६-२७ पासून तिसरी व पुढील इयत्तांत आणण्याचे जाहीर केले. यू-डायसच्या नोंदीनुसार देशातील शिक्षकांची संख्या २०२४-२५ मध्ये प्रथमच एक कोटीपलीकडे गेली आहे. या नव्या विषयासाठी त्यांतील किती जणांना, किती दिवसांचे आणि कोणत्या भाषेत प्रशिक्षण मिळते, यावर तिसरीच्या वर्गात काय घडेल ते अवलंबून राहील. ब्रॉडबँडची जोडणी तूर्त माध्यमिक शाळांसाठी आहे, तर तिसरीचा वर्ग प्राथमिक शाळेत भरतो.